परराष्ट्र सेवेतून पुढे राजकीय सल्लागार किंवा उद्योगात जाता येतं का? घरचे मात्र 'कलेक्टरच हो' म्हणतायत.

येतं. विश्रामबागच्या अभ्यासिकांत हा विषय निघाला की पोरं एस. जयशंकर यांचंच नाव घेतात, आणि ते रास्तच आहे. १९७७ची बॅच, चीन आणि अमेरिकेत राजदूत, २०१५ ते २०१८ परराष्ट्र सचिव. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच ते टाटा सन्समध्ये रुजू झाले. एरवी वर्षभराच्या आत खासगी नोकरी धरायला सरकारची परवानगी लागते. त्यांना ती मिळाली. अशा माणसाकडून कंपनीला माल विकून घ्यायचा नसतो. कुठल्या देशात कोणाचा शब्द चालतो, परवानगी नेमकी कुठे अडेल, ही जाण हवी असते. मे २०१९मध्ये ते थेट परराष्ट्रमंत्री झाले.

निव्वळ सल्लागार म्हणाल तर माझ्या मते ब्रजेश मिश्रा जास्त चपखल. परराष्ट्र सेवेनंतर १९९१मध्ये भाजपमध्ये आले, १९९८मध्ये वाजपेयींचे प्रधान सचिव, शिवाय देशाचे पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. दोन्ही खुर्च्या एकाच माणसाकडे म्हणून टीकाही झाली.

आता घरचे 'कलेक्टरच हो' म्हणतायत त्याबद्दल: नागरी सेवा परीक्षेत सेवांचा पसंतीक्रम तुम्हीच भरता. परराष्ट्र सेवा पहिल्या नंबरला टाका. जागा मोजक्याच असतात.