पारदर्शक मॅट ग्लेझ: चायना क्ले वाढवण्याऐवजी सिलिका कमी करून पाहा

आपल्या चकचकीत पारदर्शक ग्लेझमध्ये, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या लेपात, चायना क्ले (पांढरी शुद्ध माती) थोडी थोडी वाढवत नेल्यावर कोन ६ ला (कोन म्हणजे ठराविक उष्णतेला वाकणारा लहान शंकू; भाजणी त्याच्या क्रमांकाने सांगतात) हवा तसा मॅट, म्हणजे चमक नसलेला, पृष्ठभाग मिळाला आणि नमुन्याच्या तुकड्यावर तो सुंदर दिसला. पण त्याच ग्लेझच्या कपांत महिन्याभरात चहाचे डाग बसले आणि ताटलीवर चमच्याच्या करड्या रेघा उमटू लागल्या. खालची ठिपकेदार माती दिसेल एवढी पारदर्शकता राखून हे कसे टाळावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आपण मॅटपर्यंत पोहोचलात ते चुकीच्या बाजूने. चायना क्ले वाढवण्याऐवजी सिलिका (ग्लेझमध्ये काच घडवणारा घटक) कमी करत गेला असता, तर तोच पृष्ठभाग पूर्ण वितळलेल्या ग्लेझमध्ये मिळण्याची शक्यता पुष्कळ अधिक होती. कारण जरा विस्ताराने सांगतो.

भट्टीतून बाहेर आलेले ग्लेझ मॅट दिसते ते मुख्यतः दोन कारणांनी. एक तर ते नीट वितळलेलेच नसते, म्हणजे वितळलेल्या काचेत न विरघळलेले कण तसेच राहतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नाहीतर ते पूर्ण वितळते आणि थंड होताना त्यातून अतिसूक्ष्म स्फटिक बाहेर पडतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, बोटालाही पुष्कळदा फरक कळत नाही, पण वापरात दोघांचे वागणे अगदी निराळे असते. चायना क्लेमध्ये अ‍ॅल्युमिनाच्या, म्हणजे वितळलेली काच घट्ट करणाऱ्या घटकाच्या, एका रेणूमागे सिलिकाचे दोन रेणू असतात आणि वितळवणारे घटक जवळजवळ नसतातच. त्यामुळे तयार ग्लेझमध्ये नुसती माती घातली, की अ‍ॅल्युमिना वाढते हे खरे, पण त्याबरोबर सगळे मिश्रण वितळायला अधिकाधिक अवघड होत जाते. काही प्रमाणापर्यंत हे चालते. त्यापुढे आपण मॅट ग्लेझ बनवत नसतो, कच्चे भाजलेले ग्लेझ बनवत असतो, आणि कच्च्या ग्लेझला डाग धरायला जागाच जागा असते.

खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. डाग धरणाऱ्या ग्लेझचा तुकडा एक कोन वर, म्हणजे कोन ७ ला पुन्हा भाजून पाहा. तेवढ्याने तो चकचकीत झाला, तर आधीचा मॅटपणा कच्चेपणाचाच होता असे समजण्यास हरकत नाही. अ‍ॅल्युमिनाचे प्रमाण योग्य असलेले खरे मॅट ग्लेझ एका कोनाच्या फरकाने असे उलटत नाही. या परीक्षेत भट्टीचा थंड होण्याचा वेग दोन्ही वेळा सारखा ठेवावा, नाहीतर निष्कर्ष फसवा निघतो.

आता सिलिकाकडे वळतो. अमेरिकन संशोधक स्टल यांनी १९१२ मध्ये वितळवणारे घटक कायम ठेवून केवळ सिलिका आणि अ‍ॅल्युमिना बदलत अनेक ग्लेझ भाजली आणि त्यांचा आलेख मांडला. त्यांची भाजणी कोन ११ ची होती आणि त्यांत बोरॉन (कमी उष्णतेत वितळायला मदत करणारा घटक) नव्हता, पण त्या आलेखातून निघालेला मुख्य नियम कोन ६ लाही बऱ्यापैकी लागू पडतो. रेणूंच्या हिशेबात सिलिका आणि अ‍ॅल्युमिना यांचे गुणोत्तर ५ च्या आसपास किंवा त्याखाली असले, तर ग्लेझ मॅटकडे झुकते. ७ किंवा ८ च्या पुढे ते चकचकीत असते. मधला पट्टा रेशमी, अर्धवट चमकणाऱ्या पृष्ठभागाचा. अट एवढीच, की ग्लेझ वितळलेले असावे. गुणोत्तर खाली आणण्याचे मार्ग दोन आहेत: अ‍ॅल्युमिना वाढवणे किंवा सिलिका घटवणे. कोन ६ च्या मर्यादित उष्णतेत दुसरा मार्ग अधिक सोयीचा पडतो, कारण सिलिका काढल्याने मिश्रण वितळायला सोपेच होते.

प्रत्यक्षात मी नवशिक्यांना पुढील मांडणी करायला सांगतो. पोटॅश फेल्डस्पार ३० ग्रॅम, फेरो ३१३४ किंवा त्याच घडणीचे बोरॉनयुक्त फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) २० ग्रॅम, व्हायटिंग (कॅल्शियम कार्बोनेटची पूड) १२ ग्रॅम आणि चायना क्ले २८ ग्रॅम, असे ९० ग्रॅमचे मूळ मिश्रण पाच पेल्यांत वेगवेगळे तोलून घ्यावे. पहिल्या पेल्यात क्वार्ट्झची पूड, म्हणजेच सिलिका, मुळीच घालू नये. पुढच्या चार पेल्यांत अनुक्रमे ५, १०, १५ आणि २० ग्रॅम घालावी. घटक आदर्श रासायनिक सूत्राचे आहेत असे धरून हिशेब केला, तर या पाच पेल्यांचे सिलिका-अ‍ॅल्युमिना गुणोत्तर सुमारे ४.३, ४.८, ५.३, ५.८ आणि ६.३ असे येते. वितळवणाऱ्या घटकांच्या रेणूंची बेरीज १ धरली, तर त्यांत सोडियम आणि पोटॅशियम मिळून ०.३१ आणि कॅल्शियम ०.६९ असा वाटा पडतो, जो टिकाऊपणाच्या दृष्टीने चांगला मानला जातो. त्याच मापात बोरॉन ०.२४ च्या आसपास येतो. आपल्याकडच्या फेल्डस्पारमध्ये थोडेबहुत सोडियम असणारच, त्यामुळे आकडे किंचित सरकतील. पाच तुकड्यांमधला क्रम मात्र बदलणार नाही. ही तयार पाककृती समजू नये. आपली माती आणि आपली भट्टी मॅटपणाची सीमा कुठे आखतात, ते या मांडणीतून आपल्याला दिसेल.

पाचही तुकडे एकाच भाजणीत, शक्यतो एकाच फळीवर भाजावेत आणि शेजारी कोन ६ उभा ठेवावा, कारण नियंत्रकाच्या पडद्यावरचा आकडा आणि भांड्यांना प्रत्यक्ष मिळालेली उष्णता यांत अंतर असू शकते. निवड करताना सर्वांत सुंदर मॅट तुकडा उचलण्याचा मोह होतो. माझा आग्रह उलट आहे: ज्या तुकड्यात सिलिका सर्वांत जास्त असूनही पृष्ठभाग अजून मॅट आहे, तोच घ्यावा. सिलिका कमी केल्याची किंमत असतेच. ग्लेझची आम्ल आणि क्षार सोसण्याची ताकद घटते, आणि त्याचे उष्णतेने प्रसरण पावणे वाढते, त्यामुळे बारीक तडे जाण्याचा धोकाही वाढतो. मॅटपणासाठी लागेल तेवढीच सिलिका काढावी, त्याहून एक चमचाही अधिक काढू नये.

२८ ग्रॅम चायना क्ले हे प्रमाण मोठे आहे. एवढी कच्ची माती असलेला थर वाळताना आक्रसतो, त्याला भेगा पडतात आणि भाजणीत ग्लेझ त्या भेगांपासून मागे सरून गोळा होते. म्हणून निम्मी माती भाजून वापरावी. बिस्किट भाजणीच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीच्या, वेळी एका वाडग्यात पूड ठेवली तरी काम होते. भाजल्यावर मातीतले रासायनिक पाणी निघून तिचे वजन सुमारे १४ टक्के घटते, म्हणून १४ ग्रॅम कच्च्या मातीच्या जागी १२ ग्रॅम भाजलेली माती घ्यावी. हा हिशेब विसरून वजनास वजन बदलले, तर अ‍ॅल्युमिना नकळत वाढते आणि मग पुन्हा कच्च्या मॅटच्या वाटेला लागतो. मी स्वतः हे एकदा केले आहे आणि बादलीभर ग्लेझ वाया घालवले आहे.

आता पारदर्शकतेविषयी, कारण येथे अपेक्षा थोडी आवरून घ्यावी लागते. मॅट पृष्ठभाग प्रकाश विखुरतो, म्हणूनच तो मॅट दिसतो. तोच विखुरलेला प्रकाश खालच्या रंगावर दुधाळ पडदा धरतो. फिकट मातीवर हा पडदा जाणवत नाही, गडद, लोहयुक्त मातीवर लगेच दिसतो. आपल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब पसरून पाहा. ओल्या जागी खालची माती स्वच्छ दिसू लागली, तर दुधाळपणा फक्त पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणाचा आहे आणि त्यावर फारसे करण्यासारखे काही नाही. ओला असतानाही ढगाळपणा राहिला, तर तो थराच्या आत आहे. तेथे दाट बुडबुडे, न वितळलेले कण, खूप जास्त स्फटिक किंवा बोरॉनचा निळसर धूसरपणा असू शकतो. पहिला उपाय थर पातळ करण्याचा आहे. १०० मिलिलिटर ग्लेझचे वजन १४५ ग्रॅमच्या जवळपास ठेवावे, मिश्रण ८० नंबरच्या चाळणीतून दोनदा गाळावे आणि बुडवण्याचा वेळ सेकंदात मोजावा. बोरॉनचा धूसरपणा असेल, तर फ्रिट दोन-तीन ग्रॅमने कमी करून पाहावे; मात्र त्याबरोबर वितळणेही घटते हे ध्यानात ठेवावे.

व्हायटिंगऐवजी काही भाग डोलोमाइट किंवा टाल्क घालून मॅग्नेशियम आणावे, असा सल्ला पुष्कळदा मिळतो. त्याने स्पर्श लोण्यासारखा मऊ होतो आणि तडे जाण्याचा धोकाही कमी होतो, कारण मॅग्नेशियमचे प्रसरण कमी असते. पण मॅग्नेशियमची मॅट ग्लेझ दुधाळ होतात. आपल्याला खालची माती दिसायला हवी आहे, म्हणून मी याच्या फार पुढे जाणार नाही. बेरियम कार्बोनेट वापरून अतिशय देखणी मॅट ग्लेझ होतात हे खरे असले, तरी ते विषारी आहे आणि घरात, तेही खाण्यापिण्याच्या भांड्यांसाठी, त्याचा विचारही करू नये.

थंड करण्याचा वेग हा अर्धा ग्लेझच आहे. स्फटिक वाढतात ते साधारण ११०० ते ८०० अंशांच्या दरम्यान, आणि घरातल्या लहान, पातळ भिंतींच्या भट्ट्या हा टप्पा भराभर ओलांडतात. त्यामुळे तेच ग्लेझ लहान भट्टीत चमकते आणि मोठ्या, गच्च भरलेल्या भट्टीत मॅट होते. आपल्या नियंत्रकाला उतरता वेग देता येत असेल, तर कमाल तापमानाला १० ते १५ मिनिटे थांबावे, १०५० अंशांपर्यंत भट्टीला तिच्या गतीने उतरू द्यावे आणि तेथून ८२० अंशांपर्यंत ताशी ७० अंशांच्या आसपास खाली आणावे. असे केल्याने सिलिका थोडी जास्त ठेवूनही मॅटपणा मिळतो, आणि ग्लेझ तेवढे अधिक टिकाऊ राहते. मात्र वेग एकदा ठरवल्यावर तो बदलू नये; पाच पेल्यांची परीक्षा एका वेगाने आणि भांडी दुसऱ्या वेगाने भाजली, तर त्या परीक्षेला अर्थ उरत नाही.

निवडलेले ग्लेझ भांड्यांवर लावण्याआधी त्याला छळावे. अर्धा तुकडा साध्या व्हिनेगरमध्ये तीन दिवस बुडवून ठेवावा, मग धुऊन वाळवून दोन्ही अर्धे तिरप्या उजेडात पाहावेत. रंग किंवा झाक बदलली असेल तर ग्लेझ बाद. क्षारांसाठी लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून त्यात दुसरा तुकडा काही तास उकळावा, कारण भांडी धुण्याच्या यंत्रातला क्षार आम्लाहून कठोर ठरू शकतो. तडे पाहण्यासाठी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यातून काढलेला पेला उकळत्या पाण्यात आणि तेथून पुन्हा थंड पाण्यात असा काही वेळा घालावा, आणि शेवटी शाई चोळून पुसावी. या घरगुती परीक्षांतून फक्त दृश्य बदल कळतो. ग्लेझमधून काय झिरपते हे प्रयोगशाळाच सांगू शकते. आपल्या ग्लेझमध्ये रंगद्रव्य नाही, म्हणून काळजी कमी आहे, पण खाली रंगकाम करणार असाल तर तो तुकडा प्रयोगशाळेत अवश्य पाठवावा.

चमच्याच्या रेघांबद्दल एक खुलासा. त्या ओरखडे नसून पुष्कळदा ग्लेझने स्टीलवरून खरवडून घेतलेला धातू असतो, आणि सौम्य घासण्याच्या पावडरीने तो निघतो. निघाला तर ग्लेझ शाबूत आहे, फक्त पृष्ठभाग जरुरीपेक्षा खरखरीत आहे, आणि ५ ग्रॅम क्वार्ट्झ वाढवून रेशमी पट्ट्याकडे सरकल्यास त्रास बराच कमी होतो. पूर्णपणे तो कोणत्याच खऱ्या मॅट ग्लेझमध्ये जात नाही. म्हणून माझ्या स्वतःच्या कपांना आतून चकचकीत पारदर्शक ग्लेझ असते आणि मॅट फक्त बाहेरून, जेथे हात लागतो आणि चमचा लागत नाही. ताटल्यांना तर मी मॅट लावतच नाही, फार तर रेशमी.

कोरडी पूड तोलताना एन९५ दर्जाचा मुखवटा लावावा आणि सांडलेली पूड झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. क्वार्ट्झची सूक्ष्म धूळ फुफ्फुसांत साचते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. पाच पेल्यांच्या निकालाची छायाचित्रे टाकाल तेव्हा सोबत थंड करण्याचा वेग आणि कोन किती वाकला हेही लिहावे, म्हणजे पुढची दुरुस्ती क्वार्ट्झमध्ये करावी की फ्रिटमध्ये, हे निश्चितपणे सांगता येईल.