सांगलीत आम्ही सहा कॉलेजची मुलं वस्तीतल्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करतोय. गट इयत्तेप्रमाणे पाडावेत का?

नाही, वाचनाच्या पातळीप्रमाणे पाडा. पाचवीतलं मूलही पुष्कळदा जोडाक्षरापाशी अडतं. त्याच्यापुढे पाचवीचं पुस्तक ठेवलं की चार दिवसांत ते यायचं बंद होतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाजूला बसवून अक्षर, शब्द, सोपा उतारा, लहान गोष्ट असं क्रमाने वाचायला द्या (मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीतल्या पातळ्या अशाच असतात). जिथे अडेल, तो त्याचा गट. ही तपासणी सगळ्यांसमोर मात्र करू नका, मूल लाजतं. गटात दहा-बाराच मुलं, वेळ दीड तास, दीड महिन्याने पुन्हा तपासणी.

एका गटाला दोघे ताई-दादा नेमा. असे वर्ग बहुधा शिकवणाऱ्यांच्या परीक्षेच्या दिवसांत मोडतात, मुलांमुळे नव्हे. वस्ती कृष्णाकाठची असेल तर पावसाळ्यासाठी उंचावरची जागा आधीच बघून ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा.

शाळेत नावच नसलेल्या मुलाला मात्र हा वर्ग पुरणार नाही. त्याला आधी शाळेत घाला: शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.