सीईए वाढला म्हणजे कर्करोगच का? वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे, रोज सिगारेट ओढतात. हेल्थ पॅकेजमध्ये सीईए ६.१ आला. घरात सगळ्यांनी धसका घेतला आहे. (सांगली)

उत्तर : सीईए (कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन) हे रक्तात मोजायचे एक प्रथिन, ते काही कर्करोगांत वाढते. धूम्रपान न करणाऱ्यांत सीईए साधारण ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत असतो, करणाऱ्यांत ५ पर्यंत चालतो. यकृताचे आजार, स्वादुपिंडाची सूज, आतड्याचा दाह, थायरॉइड मंदावणे, यांतही तो वाढतो. उलट, सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच गाठींत तो अगदी नॉर्मल असतो. म्हणूनच निरोगी माणसाचा कर्करोग शोधायला ही तपासणी वापरायची नसते. पॅकेजमध्ये ती घुसडणे आम्हाला मुळीच पटत नाही. आता आकडा हातात आलाच आहे, तर चार-सहा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा करा आणि डॉक्टरांना दाखवा. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत बदल, कारण नसताना वजन घटणे किंवा हिमोग्लोबिन कमी होणे, यांपैकी काही असेल तर मात्र आकड्याची वाट न पाहता कोलोनोस्कोपी (गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी). आणि ६२ व्या वर्षी आतड्याची तपासणी आजवर झालीच नसेल, तर ती तशीही करून घ्यावी.

प्रश्न : आईच्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनआधी सीईए ३८ होता, दीड महिन्याने २.४. ऑक्सालिप्लॅटिनची केमो सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आता दुसऱ्या लॅबमध्ये ४.९ निघाला. आजार उलटला का? (नाशिक)

उत्तर : सीईएचे खरे काम इथे, ऑपरेशननंतरच्या पाळतीत आहे. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलला गोल्ड आणि फ्रीडमन यांनी हे प्रथिन शोधले. रक्तात त्याची पातळी काही दिवसांत निम्मी होते, त्यामुळे गाठ पूर्ण निघाली असेल तर चार ते सहा आठवड्यांत आकडा खाली यायला हवा. आईचा आला, ही चांगली खूण.

आता ४.९ का? दोन गोष्टी तपासा. प्रत्येक कंपनीच्या किटमधली प्रतिपिंडे वेगळी, म्हणून एकाच रक्ताचे दोन लॅबमध्ये दोन आकडे येऊ शकतात. लॅब बदलायचीच असेल तर एकदा दोन्हीकडे एकाच दिवशी रक्त द्या, म्हणजे नवा पाया मिळतो. दुसरे, ऑक्सालिप्लॅटिन सुरू केल्यावर पहिल्या चार-सहा आठवड्यांत सीईए तात्पुरता चढू शकतो. त्या काळातल्या आकड्यावरून औषध बदलण्याची घाई करू नये. जुन्याच लॅबमध्ये काही आठवड्यांनी पुन्हा करा. तेव्हाही चढताच असेल तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन लागेल. एकट्या आकड्यावर उपचार होत नाहीत. पुढे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सगळे आकडे तारखेसह एकाच कागदावर लिहून ठेवा.

जाता जाता : केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर काही मशीनवर सीईए खोटा कमी दिसतो. लॅबला सांगा, आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा.

प्रश्न : शौचाची 'फिट' तपासणी पॉझिटिव्ह आली. मला मूळव्याध आहे. पुन्हा एकदा करून पाहू का? (पणजी)

उत्तर : नको. फिट ही शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी. ती माणसाच्या हिमोग्लोबिनमधले ग्लोबिन हे प्रथिन मोजते; ते कुठून आले हे तिला कळत नाही. दुसरी निगेटिव्ह आली तरी पहिली पुसली जात नाही, कारण गाठ रोज रक्त सांडत नाही. मूळव्याध आणि गाठ एकत्र असू शकतात. कोलोनोस्कोपी करा.

घरात कुणी पहिल्यांदा करणार असेल तर : भांड्यातल्या पाण्यात पडण्याआधी कागदावर किंवा प्लास्टिकच्या डब्यात शौच घ्या, लघवी मिसळू देऊ नका. किटच्या बाटलीतल्या काडीने शौच चार-पाच ठिकाणी खरवडा, फक्त काडीच्या खाचा भरेपर्यंत. जास्त भरल्याने आकडा बिघडतो. आतले द्रव सांडू नका. उन्हाळ्यात बाटली गाडीत राहिली तर ग्लोबिन विघटित होते आणि खोटा निगेटिव्ह येतो. मटण, मासे बंद करायची गरज नाही. ते पथ्य शौचातले रक्त शोधणाऱ्या जुन्या, ग्वायाक नावाच्या तपासणीचे.

प्रश्न : भावाच्या (वय ४४) मोठ्या आतड्याच्या गाठीच्या बायोप्सीत 'एमएलएच-१, पीएमएस-२ लॉस' लिहिले आहे. म्हणजे वाईट का? (ठाणे)

उत्तर : वाईट-चांगले असे नाही, पण उपचार बदलू शकणारी ओळ आहे. डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने गाठीत आहेत का, हे रंग लावून पाहतात; न दिसणे म्हणजे 'लॉस' : एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. ती जोडीने राहतात. एमएलएच-१ गेले की पीएमएस-२ टिकत नाही. म्हणून दोन्ही दिसत नसली तरी दोष बहुधा एमएलएच-१ चाच. पुढची पायरी गाठीतल्या बीआरएएफ जनुकात व्ही६००ई हा बदल आहे का, ते पाहणे. तो बदल सापडला तर लिंच सिंड्रोमची (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) शक्यता फार कमी. नसेल तर एमएलएच-१ च्या मेथिलेशनची (रासायनिक खुणेमुळे जनुक बंद पडण्याची) तपासणी, तीही निगेटिव्ह आली तर रक्तावर जनुक तपासणी. भावाचे वय पाहता ती टाळू नका. लिंच निघाला तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी.

आजार पसरलेला असेल तर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी सुरुवातीलाच देता येते. कीनोट-१७७ या वैद्यकीय चाचणीत आजार न वाढता गेलेला मध्यक काळ या औषधावर १६.५ महिने होता, केमोत ८.२.

मात्र रिपोर्टवर विसंबण्याआधी पॅथॉलॉजिस्टना एवढे विचारा : त्याच स्लाइडवरच्या निरोगी पेशींनी रंग घेतला का? घेतला नसेल तर 'लॉस' म्हणता येत नाही. तुकडा टिकवणारे फॉर्मलिन हे द्रावण नीट मुरले नसेल तर असे होते. मग दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) तपासणी पुन्हा करावी लागते. बायोप्सीचा तुकडा छोटा, त्यात फॉर्मलिन लवकर शिरते, म्हणून तिचा रंग पुष्कळदा मोठ्या नमुन्यापेक्षा स्वच्छ येतो. बायोप्सीचा ब्लॉक लॅबमधून मागून जपून ठेवा.