कोडे मोडण्याआधी

चि. लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझे हस्तलिखित परवा रात्री दुसऱ्यांदा वाचून संपवले. सोबतची चिठ्ठी मात्र चार वेळा वाचली. खुनी कोण हे शेवटी सांगितलेच पाहिजे असे प्रकाशक म्हणतात, सांगितले तर ती नुसती रहस्यकथा होईल असे तुझे मित्र म्हणतात, आणि या ओढाताणीत महिनाभर तू एक ओळही लिहिलेली नाहीस. पण तुझी अडचण शेवटच्या प्रकरणात नाहीच, ती तिसऱ्यात आहे. तिथे माडीच्या दाराला आतून कडी आहे. नवव्या प्रकरणात त्याच रात्री त्याच दारातून पोस्टमास्तर बाहेर येतात. मी समासात खूण केली, तर तू फोनवर म्हणालीस की आधुनिकोत्तर कादंबरीत वाचकाने वास्तवावरच शंका घ्यावी, हे अपेक्षित आहे. मला हे मुळीच मान्य नाही. जे कोडे मोडायचे, ते आधी चोख बांधावे लागते.

उम्बेर्तो एको यांची 'द नेम ऑफ द रोझ' तू माझ्याकडूनच नेली होतीस आणि तिच्या शेवटाचा दाखला आता मलाच देतेस. 1980 मध्ये ती इटालियनमध्ये आली तेव्हा एको अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, बोलोन्या विद्यापीठात चिन्हमीमांसा, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा घडतो याचे शास्त्र, शिकवत होते, आणि ती त्यांची पहिलीच कादंबरी होती. मठातील मृत्यूंमागे बायबलमधल्या, जगाच्या अंताच्या वेळी वाजणाऱ्या सात कर्ण्यांचा क्रम आहे असे धरून विल्यम हा संन्यासी तपास करतो, खुन्यापर्यंत पोहोचतोही. पण तो क्रम कोणी योजलेलाच नव्हता, हे त्याला अखेरीस कळते. उत्तर बरोबर निघाले, तर्क मात्र चुकीचा होता. तुला एवढेच दिसले. त्याखाली काय रचले आहे ते पाहा. दुसरे प्रेत डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात उलटे सापडते, कारण दुसऱ्या कर्ण्यासरशी समुद्राचे रक्त होते. डुकरे मारतात थंडीत. कथा मात्र नोव्हेंबर 1327 पुढे नेता येत नव्हती, कारण डिसेंबरात फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचे प्रमुख मिखाएल ऑफ चेझेना पोपच्या तेव्हाच्या मुक्कामी, आविन्योंला, पोहोचलेले असतात. तेव्हा एकोंनी मठ डोंगरात नेला, नोव्हेंबरातच बर्फ पडेल अशा जागी. पुढे लिहिलेल्या टिपणात हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. मठाचा नकाशा समोर ठेवून ते लिहीत. भोजनगृहातून निघालेली दोन माणसे बोलत बोलत मुक्कामी पोहोचली, की त्यांचे बोलणेही तिथेच थांबे. एका रांजणासाठी अख्खा मठ हलवणारा लेखक जेव्हा तर्काचा पराभव सांगतो, तेव्हा तो आपल्याला जिव्हारी लागतो. तुझ्या पोस्टमास्तरांचा पराभव लागत नाही, कारण त्यांच्या वाटेतली कडी तूच विसरलीस.

आलँ रॉब-ग्रिये यांच्या 1953 मधल्या 'ले गॉम' या फ्रेंच कादंबरीत तर वालास हा गुप्तहेर न झालेल्या खुनाच्या तपासाला येतो आणि चोवीस तासांनी तो खून त्याच्याच हातून होतो. तिथेही घड्याळाचा हिशोब पक्का आहे. जे मोडायचे, ते आधी बांध. तू कंटाळलीस तरी मी हे म्हणत राहणार.

कारण मी ते केले नव्हते. माझ्या पहिल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर ओसरीत एक ओली छत्री टेकवलेली होती आणि बाहेर पाऊस नव्हता. प्रकाशकाच्या आग्रहाखातर मी आठ दिवसांत एक कबुलीजबाबाचे प्रकरण लिहून शेवटी जोडले, आणि त्याने माझे पुस्तक बिघडवले असे पुढे कित्येक वर्षे सांगत राहिलो. मग एकदा तालुक्याच्या वाचनालयात त्याची एक जीर्ण प्रत हाती आली. शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने पाच संशयितांची नावे लिहिली होती, प्रत्येकापुढे पॅसेंजर गाडीच्या वेळा मांडल्या होत्या, चार नावांवर काट मारली होती आणि खाली लिहिले होते, "मग छत्री कोणाची?" मला ती छत्री केवळ वातावरणासाठी हवी होती. त्या अनोळखी वाचकाने माझ्या पुस्तकावर माझ्यापेक्षा अधिक विश्वास ठेवला होता. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळापहाड यांच्या सोबतीने वाढलेला आपला वाचक भोळा नाही, हे मला तेव्हा समजले.

तरीही कबुलीजबाब लिहायला नको होता, हे मी आजही म्हणेन. एकोंना स्नेह्यांनी आणि संपादकांनी पहिली शंभर पाने कमी करायला सांगितली होती, त्यांनी ठाम नकार दिला. मला तो नकार देता आला नाही, कारण त्याला आधार देणारी बांधणी माझ्याकडे नव्हती, आणि शिवाय घरात दोन मुले होती; यातले दुसरे कारण मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. तू नकार देऊ शकशील. शेवट आहे तसाच उघडा ठेव, पोस्टमास्तरांना ते पत्र सापडू देऊ नकोस, मित्रांचेही ऐकू नकोस आणि प्रकाशकांना आणखी दोन महिने माग.

रविवारी ये. येताना वाड्याचा नकाशा काढून आण. जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या असू देत, आणि त्या रात्री माडीवर कोण किती वाजता गेले, ते घड्याळानिशी लिहिलेले असू दे. कडीचे काय करायचे ते मग समोर बसून पाहू.

तुझा,
सर