वॉरन बफे यांची भागधारकांना लिहिलेली पत्रं वाचून धंद्याचं काही शिकता येतं का? सुरुवात कुठून करावी?

येतं. मात्र कुठला शेअर घ्यावा हे शोधायला गेलात तर कंटाळाल. १९७७ पासूनची पत्रं बफेंच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या वेबसाइटवर फुकट आहेत, पण ओळीने वाचू नका, कंपनीच्या विमा धंद्याच्या पानांतच अडकाल.

मी विट्यात यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहितो, त्यामुळे माझा कल उघड आहे. आधी १९८५ चं पत्र काढा. बर्कशायर ही मुळात कापड गिरणी. बफेंनी ती १९६५ मध्ये ताब्यात घेतली आणि १९८५ मध्ये बंद केली. नव्या यंत्रांचे प्रस्ताव यायचे, कागदावर खर्चात बचत दिसायची आणि हिशेबही चुकीचा नसायचा. पण तोच हिशेब प्रत्येक गिरणी करत होती. सगळ्यांचा खर्च उतरला, तसा कापडाचा भावही उतरला. फायदा गिऱ्हाइकाकडे गेला, भांडवल गिरणीत अडकलं. बफे म्हणतात, मिरवणूक बघायला सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर जास्त कुणालाच दिसत नाही. १९८१ मध्ये सुमारे ५,००० डॉलरला एक असे घेतलेले माग शेवटी २६ डॉलरने भंगारात गेले.

साधे माग काढून रॅपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) बसवू का, असं कुणी विचारलं की मीटरमागे किती वाचेल हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, इचलकरंजीवाल्यांनीही हेच माग बसवल्यावर व्यापारी तुमची मजुरी पाडणार नाही कशावरून? सबसिडी मिळते, हे उत्तर नव्हे. ती त्यांनाही मिळते.

मग २००७ चं पत्र. सीज कँडीज हा चॉकलेटचा धंदा त्यांनी १९७२ मध्ये अडीच कोटी डॉलरला घेतला. करपूर्व नफा ५० लाखांच्या आत, लागणारं भांडवल ८० लाख डॉलर. पस्तीस वर्षांत वर आणखी फक्त ३ कोटी २० लाख घालावे लागले आणि करपूर्व नफा मिळाला एकूण १३५ कोटी डॉलर. हा धंदा भाव वाढवू शकत होता आणि गिऱ्हाईक टिकत होतं. आपला बेदाणा, हळद कितीही चांगली असो, भाव बाजारातल्या सौद्यात, म्हणजे लिलावात ठरतो. ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली की बाकीची निम्मी आपोआप कळतात.

शेअर बाजाराच्या चढउतारांसाठी १९८७ चं वाचा, तेवढं पुरे.

यावरून माग विकून मोकळे व्हा, असं मी म्हणत नाही. तोट्याची चिन्हं दिसत असतानाही बफेंनी गिरणी बराच काळ चालवली, कारण गावाचा रोजगार तिच्यावर होता. हेही ते लिहितात आणि मला ते पटतं. फक्त त्यांची नक्कल करायला जाऊ नका. १९६७ पासून त्यांच्या हाताशी विमा कंपनीत आगाऊ जमा होणारा हप्त्यांचा पैसा होता. तुमच्यामागे बहुधा पतसंस्थेचं कर्ज असेल, आणि त्याचा हप्ता दर महिन्याला येतो.