द्राक्षांच्या ट्रेलरला एअर सस्पेन्शन घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा: नाशिकहून न्हावाशेव्याला द्राक्षांचे रीफर (आतून थंड ठेवलेले) कंटेनर नेणाऱ्या नव्या तीन एक्सलच्या ट्रेलरला पाट्यांऐवजी, म्हणजे लोखंडी पानांच्या स्प्रिंगऐवजी, हवेच्या बलूनवरचं हलकं एअर सस्पेन्शन बसवावं का? विक्रेता 300 किलो वाचतील म्हणतो. बसवा, पण त्या 300 किलोंसाठी नको.

वाचलेल्या वजनाचे पैसे मिळतात ते काट्यावर पासिंगपर्यंत (गाडीला मंजूर असलेल्या वजनापर्यंत) भरणाऱ्याला, म्हणजे सिमेंट, सळई, टँकरवाल्याला. वर्षाला 240 खेपा धरल्या तर 300 किलोंचे 72 टन होतात. साधारण दोन भरलेल्या गाड्यांचा माल. तुमच्या कंटेनरमधली जागा पासिंगच्या आधीच भरते.

तुमचा फायदा वेगळा आहे. पाटा पूर्ण भारासाठी बनवलेला असतो, निम्म्या भाराला तो ताठच राहतो. शिवाय पानं एकमेकांवर घासून अडून बसतात, त्यामुळे बारीक हादरा सरळ वर जातो. बलूनमधली हवा भाराप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून निम्म्या भारालाही चाल मऊ राहते. कसारा घाट उतरून आलेल्या पेटीच्या तळाशी देठापासून सुटलेले मणी साठतात, ते कमी करायचे असतील तर हा खर्च योग्यच. युरोपात तर रस्ता वाचतो म्हणून जुळी चाकं आणि एअर सस्पेन्शन असलेल्या दोन ड्राइव्ह एक्सलच्या जोडीला 18 ऐवजी 19 टन भार चालतो.

हलक्या आर्म (एक्सलला चासीशी जोडणारा दांडा) आणि एक्सलवर ओव्हरलोड मात्र कधीच करू नका. पाट्याचं एखादं पान तुटलं तरी गाडी हळूहळू घरी येते. आर्मला तडा गेला तर जागेवरच उभी करावी लागते.

सगळ्यात जास्त लक्ष बलूनमध्ये हवा भरणाऱ्या-सोडणाऱ्या हाइट वाल्वच्या दांडीकडे द्या. एक्सल आणि चासीमधलं अंतर वाल्वला या बोटभर जाड दांडीवरून कळतं. माझ्या एका ट्रेलरची ती टायर बदलताना वाकली आणि कुणीतरी तारेनं बांधून टाकली. गाडी खाली बसली आहे असंच वाल्वला कळत राहिलं, तो हवा भरत गेला. बलून ताणून उंच झाले आणि शॉकअपचे बुश फाटले. त्या दिवसापासून टायरचं काम झालं की दांडी मी स्वतः वाकून बघतो.

हवेतली ओल काढणारा एअर ड्रायर वेळेवर बदला, हवेच्या टाकीतलं पाणी काढत जा. पावसाळ्यात तर रोज. सकाळी गाडी बसलेली दिसली तर इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडा येईल तिथे गळती. ब्रेकच्या टाक्या आधी भरतात, बलून नंतर. ते पूर्ण उठेपर्यंत गाडी हलवू नका.