टॉप-अपची वेळ बाळामुळे नाही, ‘एफडी’मुळे आली आहे

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात नाईक आहेत, सध्या सीमेवर. मी सातारा जिल्ह्यात सासरी असते, पाचवा महिना चालू आहे. पर्सनल लोन ४ लाख शिल्लक, हप्ता १३,०००. क्रेडिट कार्डावर १ लाख २० हजार, त्याचे महिन्याला ‘मिनिमम’ ६,००० भरतो. पगारातून फंडात १२,००० कापतात, तिथे ३ लाख ४० हजार जमलेत. पुढे मूल होईल म्हणून आठ महिन्यांपूर्वी ६,००० रुपयांची मासिक एफडी सुरू केली. कागदाचा फोटो सोबत आहे. बाळंतपण आणि कार्डासाठी ३ लाखांचा टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) घ्यावा, की एक एजन्सी कर्ज ‘सेटल’ करून देते म्हणते, ते करावं?

उत्तर : ताई, दोन्ही नको. ३ लाख १४ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ८,२०० आणि व्याज ९३ हजारांच्या पुढे. एजन्सी हप्ते थांबवायला सांगेल. ‘फौजीचा पगार जप्त होत नाही’ असंही म्हणेल. ते खरं आहे, १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम २८ मध्ये ते लिहिलंय. पण त्यानं कर्ज मिटत नाही, व्याज चालूच राहतं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा पडला की पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो.

आता तुम्ही न विचारलेलं. फोटोतला कागद एफडीचा नाही. ती विमा पॉलिसी आहे : १२ वर्षं हप्ते, २० व्या वर्षी १५ लाख. म्हणजे ८ लाख ६४ हजार भरायचे आणि परतावा जेमतेम ४ टक्के. त्याच वेळी कार्डावर महिना साडेतीन टक्के, म्हणजे ४,२०० व्याज, वर जीएसटी. जवळपास ५,००० झाले. तुमच्या ६,००० तून मुद्दल हजारानं कमी होतं. असा माल ‘बाळाचं भविष्य’ म्हणून गळ्यात मारणाऱ्यांचा मला राग येतो. मिस्टरांच्या पगारातून एजीआयएफ, म्हणजे सैन्याचा सामूहिक विमा, कापला जातो, आयुष्याचा विमा तिथे आहेच.

पॉलिसीचा हप्ता थांबवा, बँकेत ऑटो-डेबिट रद्द करा. वर्ष पूर्ण होण्याआधी थांबल्यानं भरलेले ४८,००० बहुधा जातील. ते वाचवायला आणखी ११ वर्षं भरणं याहून महाग आहे. पण सोडून द्यायच्या आधी भांडा. एजंटचा ‘पाच वर्षांत दुप्पट’ असा मेसेज असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडून विमा कंपनीला लेखी तक्रार करा आणि पूर्ण रक्कम परत मागा. पॉलिसी ज्यांच्या नावावर आहे, सही त्यांचीच हवी. नकार आला किंवा महिनाभर उत्तर नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालांकडे जा. फी लागत नाही, वकील लागत नाही.

कार्डासाठी पैसा घरातच आहे. पगारातून कापल्या जाणाऱ्या एएफपीपी फंडावर (सैन्याचा भविष्य निर्वाह निधी) सध्या ७.१ टक्के मिळतात. तिथून १ लाख २० हजार काढले तर महिन्याला साधारण ७०० रुपयांचं व्याज बुडेल, कार्डाचे ५,००० वाचतील. मिस्टरांनी युनिटच्या क्लार्कला दोनच गोष्टी विचाराव्यात : पैसे कोणत्या कारणाखाली मिळतील, आणि मासिक कपात ५,००० वर आणायचा अर्ज कसा करायचा. मंजुरीला वेळ लागतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात जावा. पैसे आल्यावर कार्डाची पूर्ण थकबाकी भरा. पुढच्या बिलात भरल्या तारखेपर्यंतचं व्याज उरलेलं दिसेल, तेही भरा. तोवर कार्डावर किराणासुद्धा घेऊ नका, कारण थकबाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

पॉलिसीचा हप्ता ६,०००, कार्डाचं मिनिमम ६,०००, फंडाची जादा कपात ७,०००. महिना १९,००० मोकळे. सगळं मार्गी लागायला महिना गेला तरी बाळंतपणाआधी ५० हजारांवर हातात येतील. आधी ते बाजूला ठेवा, पर्सनल लोन लवकर फेडायचं मग पाहू. त्याआधी मुदतपूर्व फेडीचा दंड करारात वाचा. तो ४ टक्के अधिक जीएसटी असला तर घाई परवडत नाही.

बाळंतपणासाठी खडकीचं मिलिटरी हॉस्पिटल आहे, तिथे तुम्हाला हक्कानं आणि मोफत सेवा मिळते. आत्ताच नाव नोंदवा, डिपेंडंट कार्ड बरोबर ठेवा. मुक्कामाची सोय पुण्यात कोणाकडे होते ते आठव्या महिन्याआधी ठरवा. बाळ झालं की जन्मदाखला लगेच युनिटला पाठवा, म्हणजे पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या कुटुंबाची अधिकृत नोंद) बाळाची नोंद होईल. त्याच वेळी फंड आणि एजीआयएफचं नॉमिनेशन तपासायला सांगा. लग्नाआधीचं असेल तर तुमचं नाव त्यात नसेल.